कोळंबीच्या अंड्यातले डोळे टिपेल असा परवडणारा कॅमेरा

माझ्या टाकीतल्या एका चेरी श्रिंपच्या पोटाखाली अंडी आली आणि तिथून या सगळ्या खर्चाला सुरुवात झाली.

चेरी श्रिंप म्हणजे गोड्या पाण्यातली, फार तर अडीच-तीन सेंटिमीटरची लालबुंद कोळंबी. मादी अंडी पोटाखालच्या वल्ह्यासारख्या पायांमध्ये धरून हिंडते आणि दिवसभर त्या पायांनी त्यांना वारा घालत असते. एकेक अंडं साधारण मिलिमीटरभर. पाणी किती उबदार आहे त्यावर तीन-चार आठवडे हा कारभार चालतो. शेवटच्या काही दिवसांत प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसायला लागतात. ते आतल्या पिल्लाचे डोळे. मला ते भिंगातून दिसले आणि मी घाईघाईने फोन काढला. फोटोत आली एक लाल रेघ, तिच्याखाली पिवळट डाग, आणि काचेत माझंच नाक.

मुलीने फोटो मोठा करून करून पाहिला आणि विचारलं, "आई, यात कोळंबी कुठंय?"

त्यानंतरच्या दीड वर्षात मी चार वेगवेगळ्या तऱ्हांनी तो फोटो काढायचा प्रयत्न केला. काही वस्तू मागून आणल्या, काही विकत घेतल्या, एका खरेदीत चक्क फसले. आज माझ्याकडे उरलंय ते असं: सेकंड हँड कॅनन ईओएस ६००डी, त्यावर कॅननचीच ईएफ-एस ६० मिमी एफ २.८ मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी) लेन्स, आणि टाकीच्या झाकणावर पालथा घालायला एक साधा मॅन्युअल फ्लॅश. हे परीक्षण मुख्यतः या तिघांचं. पण वाटेत जी सामानं वापरून सोडून दिली त्यांच्याबद्दलही बोलणार आहे, कारण तुमच्या टाकीला त्यातलंच एखादं जास्त मानवेल.

आधी फोन. त्याला उगाच नावं ठेवायची नाहीत. ज्या फोनांत अल्ट्रावाइड लेन्स फोकस करू शकते त्यांचा मॅक्रो मोड दोन-तीन सेंटिमीटरवरून खरंच छान फोटो देतो. काचेवर चढलेली गोगलगाय, काचेला चिकटलेली तिची अंडी, एवढं टिपायचं असेल तर कॅमेऱ्याच्या फंदात पडूच नका. स्वस्त फोनांवर '२ मेगापिक्सेल मॅक्रो' म्हणून जो जास्तीचा डोळा बसवलेला असतो तो मात्र शोभेचाच. क्लिपने लावायची भिंगंही मी आणून पाहिली. मधला भाग ठीक येतो, कडा ओघळल्यासारख्या दिसतात. पण फोनची खरी अडचण भिंगाची नाहीच. कोळंबी काचेपासून चार बोटं आत गेली की फोनला ती हातात येत नाही.

इथेच या विषयाची मेख आहे, आणि कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ती कुठेही लिहिलेली नसते. लेन्सच्या तोंडापासून वस्तूपर्यंत मोकळं अंतर किती उरतं, हे टाकीवाल्याने सगळ्यात आधी पाहायचं. फुलाचा किंवा मुंगीचा फोटो काढणारा माणूस पुढे सरकू शकतो. आपल्यापुढे काच आहे, तिच्या आत सरकायची सोय नाही. वरून गंमत म्हणजे लेन्सच्या डब्यावर छापलेलं 'सर्वांत कमी फोकस अंतर' हे लेन्सच्या तोंडापासून मोजलेलं नसतं. ते कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजतात. कॅननच्या ६० मिमीचं ते अंतर २० सेंटिमीटर आहे, पण त्यातून कॅमेरा आणि लेन्स यांची लांबी वजा केली की तोंडासमोर उरतात सुमारे नऊ. निकॉनच्या ४० मिमी मायक्रोचं अंतर आहे १६.३ सेंटिमीटर. कागदावर फरक चार बोटांचाही वाटत नाही, पण पूर्ण मोठेपणावर तोंडासमोर उरतात जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्यात काचेची जाडी आली. म्हणजे कोळंबीने काचेला नाक लावून बसायला हवं.

पाणी मात्र या हिशोबात आपल्या बाजूने असतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे आतल्या वस्तू असतात त्याच्या पाऊण अंतरावर भासतात. हवेत नऊ सेंटिमीटरवर फोकस होणारी लेन्स काचेला टेकवली तर पाण्यात सुमारे बारा सेंटिमीटरपर्यंत पोचते. मी लेन्सवर रबरी हूड लावते, त्याचे दोन सेंटिमीटर गेले तर आत नऊ-साडेनऊ उरतात. माझी टाकी समोरून मागे ३० सेंटिमीटर खोल आहे. म्हणजे पुढचा एक तृतीयांश भाग हा माझा रंगमंच, मागचा सगळा पडदा. कुठली रोपं पुढे लावायची हे आता मी यावरूनच ठरवते.

फोननंतर माझ्या हाती आला ऑलिंपसचा टीजी-६. मैत्रिणीच्या नवऱ्याचा, दोन रविवारांच्या बोलीवर. हा २०१९ सालचा छोटा वॉटरप्रूफ कॅमेरा, आणि याच्यातला मायक्रोस्कोप मोड लेन्सच्या तोंडापासून एका सेंटिमीटरवर फोकस करतो. काचेवर चालणाऱ्या कोळंबीच्या पायावरची लव मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती याच्यामुळे. जे काही काचेवर आहे त्याच्यासाठी याच्या तोडीचं या यादीत दुसरं काही नाही. फोकसच्या जागा बदलत अनेक फोटो घेऊन कॅमेऱ्यातच ते जोडायची सोयही आहे. निश्चल बसलेल्या गोगलगायीवर ती जादू करते. कोळंबीवर केली तर सहा मिशांचा राक्षस तयार होतो.

हा कॅमेरा १५ मीटर पाण्यात चालतो, तेव्हा तो सरळ टाकीतच का घालू नये? घातला. हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुतले, कॅमेराही धुतला. साबणाचा किंवा क्रीमचा अंश श्रिंपच्या टाकीत जाता कामा नये, हे या प्राण्यांच्या बाबतीत अगदी गंभीरपणे घ्यायचं. कॅमेरा आत गेला आणि सगळी वसाहत मॉसमध्ये, म्हणजे टाकीतल्या शेवाळी रोपांत, गडप. वीस मिनिटांनी एक नर आला, लेन्सवर चढला आणि काच चाटत बसला. त्याचा मला पोटाकडून फोटो मिळाला, पण तो नर, अंडी कुठली?

टीजी-६मध्ये मला खटकलं ते असं. सेन्सर फोनच्या मापाचा, १/२.३ इंची, त्यामुळे आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८००च्या पुढे नेली की लाल रंगात वाळू मिसळल्यासारखी दिसते. दुसरं, बाहेरचा फ्लॅश लावायला डोक्यावर खाच नाही. आणि एका सेंटिमीटरवरून फोटो काढताना कॅमेराच स्वतःचा उजेड अडवतो. डोंगरावर, समुद्रावर नेणाऱ्या माणसाने घेतला आणि घरी टाकी असली तर दुहेरी फायदा. नुसत्या टाकीसाठी घेऊ नका, असं माझं मत.

तिसरा प्रयोग यातला सगळ्यात अनपेक्षित ठरला. मावसभावाकडे पॅनासोनिकचा ल्युमिक्स एफझेड ३०० पडून होता. लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा ब्रिज कॅमेरा. त्यावर मी रेनॉक्स डीसीआर-२५० हे क्लोजअप भिंग चिमट्यासारख्या पकडीने बसवलं. हे भिंग ८ डायॉप्टरचं. याचा अर्थ, कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर ठेवला तर भिंगापासून साडेबारा सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. आणि झूम कितीही करा, हे अंतर तेवढंच राहतं. पाण्याचा फायदा धरला तर आत सोळा सेंटिमीटर! झूम शेवटपर्यंत नेला की चौकटीत मावतं फक्त सात मिलिमीटर रुंदीचं क्षेत्र. कोळंबीचं डोकं आणि खांदा, बस्स. शिवाय लेन्सचं छिद्र पूर्ण झूमवरही एफ २.८ राहतं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि फ्लॅश बसवायची खाच, म्हणजे हॉट शू, आहे. नुसती एकेरी काचेची स्वस्त क्लोजअप फिल्टरं याच्याशी ताडून पाहू नका. त्यांनी पांढऱ्या मिशांना जांभळी किनार येते. रेनॉक्समध्ये रंगदोष आवरण्यासाठी एकाहून जास्त काचा आहेत, तो फरक दिसतो.

ज्यांच्याकडे असा जुना ब्रिज कॅमेरा घरात धूळ खात असेल त्यांनी इथेच वाचन थांबवावं, एक भिंग घ्यावं आणि कामाला लागावं. खरंच. सेन्सर इथेही फोनएवढाच, त्यामुळे सावलीच्या भागात दाणे येतात आणि पूर्ण झूमवर हाताची थरथर चौकटीत भूकंप होऊन दिसते. पण मी तो सोडला त्याचं प्रामाणिक कारण वेगळंच आहे: मावसभावाने तो परत मागितला.

मग सुरू झाली स्वतःची खरेदी.

पहिली चूक मी केली नाही, कारण ती शेजारच्या मुलाने आधीच करून ठेवली होती. त्याने झेपेल तेवढी नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतली आणि सोबत आलेल्या १८-५५च्या किट लेन्सवर थांबला. ती लेन्स जास्तीत जास्त ०.३४ पट मोठं दाखवते. म्हणजे चौकटीची रुंदी होते साडेसहा सेंटिमीटर, आणि त्यात आपली कोळंबी अर्ध्याहून कमी. तिचं अंडं म्हणजे राईचा दाणासुद्धा नाही. बॉडी कितीही नवी असो, हे गणित हलत नाही.

म्हणून मी उलटं केलं. बॉडीत काय लागतं ते लिहून काढलं: मॅन्युअल मोड, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, हॉट शू, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहताना, चौकट पाच-दहा पट मोठी करून फोकस तपासायची सोय. एवढं २०११ सालच्या ६००डीमध्ये आहे. १८ मेगापिक्सेल पुरतात. अंधारात फोटो, पळणाऱ्या मुलांवर चिकटून राहणारा ऑटोफोकस, उत्तम व्हिडिओ, ज्यासाठी नव्या बॉडीला जास्त पैसे पडतात, त्यातलं आपल्याला काहीच नको. आपण आयएसओ १००-२०० वर, फ्लॅशच्या उजेडात, हाताने फोकस करणार. तिथे जुना सेन्सर नव्याच्या फार मागे नाही. निकॉनच्या डी३०००, डी५००० या घराण्यांतलं काही हाताशी असेल तर तेही चालेल. त्यांच्यात फोकसची मोटर नाही म्हणून जुन्या एएफ-डी लेन्स आपोआप फोकस करत नाहीत, असं सांगून लोक घाबरवतात. मॅक्रोला तो फोकस लागतोच कुणाला? उलट या कारणाने त्या लेन्स स्वस्तात मिळत असतील तर घ्याव्यात.

उरलेले सगळे पैसे लेन्सवर. आणि इथे मी फसले.

एकाने जुनी मॅक्रो लेन्स विकायला काढली होती. "आत थोडी धूळ आहे, फोटोत येत नाही," म्हणाला. धूळ खरंच फोटोत येत नाही, म्हणून मी फार पाहिलं नाही. घरी आणून टॉर्च एका बाजूने धरला आणि दुसऱ्या बाजूने डोळा लावला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी. बुरशी. फोटोत ती रेघ म्हणून दिसत नाही, सगळ्या चित्रावर धुकं म्हणून बसते. त्या माणसाने नंतर फोन उचलला नाही. तेव्हा सेकंड हँड लेन्स घेताना खिशात टॉर्च ठेवा, आणि 'धूळ' हा शब्द ऐकला की तो बाहेर काढा. छिद्राची पाती तेलकट आहेत का तेही त्याच उजेडात दिसतं.

त्या धक्क्यानंतर काही महिने मी काटकसरीत काढले. मुलीकडची ५० मिमी एफ १.८ आणि मध्ये लावायच्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब. त्यांत काच नसते; लेन्स सेन्सरपासून लांब नेणं एवढंच त्यांचं काम. ५० मिमी लेन्सला ३६ मिमीची नळी लावली की ३६ भागिले ५०, म्हणजे ०.७२ पट मोठं. फुकटात म्हणावं असं. अगदी स्वस्त नळ्यांना विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे कॅननवर लेन्सचं छिद्र उघडंच अडकतं. त्यावर तोडगा आहे: लेन्स थेट कॅमेऱ्यावर असताना एफ ११ लावायचं, डेप्थ ऑफ फील्ड पाहायचं बटण दाबून ठेवायचं, आणि दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढायची. छिद्र बारीक राहून जातं. पहिल्यांदा करताना काहीतरी मोडतोय असं वाटतं, मोडत मात्र काही नाही. पण मग व्ह्यूफाइंडर इतका काळोखा होतो की कोळंबी शोधेपर्यंत ती निघून जाते. हे करून मी कंटाळले, तेव्हा ६० मिमी घेतली.

आता तिच्याबद्दल. ही लेन्स २००५ची, आकाराने मुठीएवढी. ती पूर्ण १:१ देते, म्हणजे २२.३ मिलिमीटर रुंद सेन्सरवर २२.३ मिलिमीटरचंच दृश्य. कोळंबी चौकटभर. माझ्यासाठी तिचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याच परीक्षणात ठळक लिहिलेला सापडला नव्हता: फोकस करताना ती लांबीला वाढत नाही. आतल्या आत काचा हलतात. दुकानात मी टॅमरॉनची जुनी ९० मिमी हाताळली होती. चित्राला ती नामी आहे, पण जवळ फोकस करताना तिची नळी पुढे पुढे येते. काचेला टेकवून काम करणाऱ्याला ती स्वतःच मागे ढकलते. ६० मिमीचं रबरी हूड मी काचेवर दाबून धरते आणि फोकसचं कडं फिरवते. हूड जागचं हलत नाही, काचेला ओरखडा नाही, बाहेरचा उजेड आत शिरत नाही. १०० मिमी घेतली असती तर आणखी खोल पोचले असते, हे खरं. ती महाग आणि जड, आणि माझी टाकी तेवढी खोल नाही. तुमची टाकी फूटभराहून खोल असेल तर १०० मिमीसाठी थांबा.

कॅननचीच ईएफ-एस ३५ मिमी मॅक्रो आहे, तिच्या तोंडाभोवती एलईडीचं कडं बसवलेलं आहे. कल्पना गोड आहे, फुलांवर कामाला येईल. टाकीच्या काचेवर त्या कड्याचं प्रतिबिंब असं काही चमकतं की विचारू नका, आणि मोकळं अंतरही तिला अगदी थोडं.

दोष? लेन्समध्ये हात स्थिर करणारी यंत्रणा नाही. फ्लॅशवर काम केलं तर तिची उणीव भासत नाही, फ्लॅशशिवाय भासते. १:१ वर ऑटोफोकस पुढे-मागे घुटमळत राहतो, म्हणून तो बंद. मी फोकस शेवटच्या टोकाला नेऊन ठेवते आणि स्वतःच श्वास रोखून मिलिमीटर-मिलिमीटर पुढे-मागे झुकते. गुडघा स्टुलावर, कोपर गुडघ्यावर. तिपाई कपाटात.

बॉडीचे दोषही आहेत. ६००डीची स्क्रीन बाहेर उलटते, टाकीच्या तळाशी वाकून पाहायला ती वरदान ठरेल म्हणून मी भुलले होते. प्रत्यक्षात एफ ११ आणि १/२०० ठेवलं की स्क्रीनवर अंधारच दिसतो. आणि पहिल्या दिवशी लाइव्ह व्ह्यूमध्ये माझा फ्लॅश काही केल्या पेटेना. सेल बदलले, फ्लॅश पेटवणारा ट्रिगर बदलला, कॅमेऱ्याला दोन शिव्या घातल्या. शेवटी कळलं की दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश या बॉडीवर लाइव्ह व्ह्यूमध्ये पेटतच नाही. व्ह्यूफाइंडरमधून पाहून फोटो काढला आणि पेटला. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे. मी वाचली नव्हती.

फ्लॅश सगळ्यात स्वस्तातला घ्या, फक्त त्याची ताकद हाताने कमी-जास्त करता यायला हवी. सोबत साधा रेडिओ ट्रिगर. कॅमेऱ्याच्या डोक्यावरून मारलेला फ्लॅश काचेवर आपटून सरळ लेन्समध्ये येतो, म्हणून तो टाकीच्या काचेच्या झाकणावर पालथा, मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा. झाकण हवंच, उघड्या पाण्यावर विजेची वस्तू लटकवायची नाही. माझे आकडे ठरून गेलेत: एफ ११, १/२०० सेकंद, आयएसओ २००, फ्लॅश १/८ ताकदीवर. या बॉडीचा फ्लॅश १/२००च्या पलीकडे जुळत नाही, त्याहून वेगाने गेलात तर चौकटीच्या कडेला काळा पट्टा येतो. आकडे बरोबर आहेत की नाही ते तपासायला फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळाकुट्ट आला पाहिजे. मग टाकीच्या दिव्याचा काही संबंध उरत नाही, सगळं चित्र फ्लॅशच्या, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोट्या लखलखाटात गोठतं, वारा घालणारे पायसुद्धा. मंद करता येणाऱ्या काही एलईडी दिव्यांच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे येतात, तीही कटकट सुटते.

एफ ११ वर १:१ ला जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते. जास्त हवी म्हणून एफ २२ करून पाहिलं, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरत असल्यामुळे, सगळंच मऊ पडलं. जवळून काढताना छिद्र आकड्याच्या दुप्पट बारीक असल्यासारखं वागतं. एफ २२ म्हणजे जवळजवळ एफ ४४. तेव्हा एफ ११, आणि कोळंबी काचेला समांतर येईपर्यंत वाट पाहणं.

काचेकडे नेहमी काटकोनात बघायचं. तिरपं पाहिलं की काच आणि पाणी मिळून रंग फोडतात आणि सगळं ओढल्यासारखं दिसतं. गोल भांड्यातल्या माशांचे फोटो म्हणूनच कधी नीट येत नाहीत. पोलरायझर घ्या म्हणून मलाही सल्ला मिळाला होता. तिरप्या प्रतिबिंबावर तो चालतो, पण समोरासमोरच्या प्रतिबिंबावर त्याचा उपयोग शून्य. खोलीतला दिवा बंद करणं आणि काळा शर्ट घालणं जास्त कामाचं. फोटोच्या आधी काच बाहेरून आणि आतून पुसायची, आणि पाणी बदललेल्या दिवशी कॅमेरा काढायचाच नाही; प्रत्येक पानावर आणि काचेवर बारीक बुडबुडे चिकटलेले असतात, फोटोत ते चांदण्यासारखे चमकतात.

प्रवाहाने रोपं हलतात म्हणून मी फोटोपुरता फिल्टर बंद करते. एकदा चालू करायला विसरले. पहाटे उठून पाहते तर अर्धी वसाहत पाण्याच्या वरच्या थरात, स्पंजच्या पाइपवर गोळा झालेली. कुणी दगावलं नाही, पण त्या दिवसापासून फिल्टर बंद केला की त्याच्या बटणाची चिठ्ठी लेन्सच्या टोपणाला चिकटवते. टोपण लावताना चिठ्ठी हाताला लागते.

इतकं सगळं जमूनही पहिले कित्येक आठवडे अंडी काळी येत होती. उजेड वरून, अंडी पोटाखाली, मग दुसरं काय होणार! पाठ झगझगीत, पोटाखाली गुहा. दुसरा फ्लॅश घ्यायच्या विचारात होते. तेवढ्यात लक्षात आलं की श्रिंपना खाऊ घालायची पांढरी चिनीमातीची बशी मी मागच्या कोपऱ्यात ठेवली आहे. ती उचलून पुढच्या काचेपासून पाच सेंटिमीटरवर ठेवली. खाण्यासाठी बायका आपण होऊन माझ्या नऊ सेंटिमीटरच्या रंगमंचावर आल्या, आणि वरचा उजेड पांढऱ्या बशीवर आपटून खालून त्यांच्या पोटावर पडला. या पूर्ण सामानात सगळ्यात चांगला पैसा कशावर गेला असेल तर तो या बशीवर, आणि ती आधीपासूनच घरात होती.

परवाच्या रविवारी चौसष्ट फोटो काढले. एकसष्ट पुसले. उरलेल्या तिघांपैकी एकात मादी बशीच्या काठावर आडवी उभी आहे, पुढचे पाय तोंडाशी, आणि पोटाखाली अंड्यांचा झुबका. या सेन्सरवर १:१ ला एका मिलिमीटरला सुमारे २३० पिक्सेल पडतात, म्हणजे एकेक अंडं २३० पिक्सेलचं. संगणकावर पूर्ण मोठं केलं तर आतला पिवळा बलक एका बाजूला सरकलेला, आणि त्याच्या वरच्या अंगाला दोन काळे डोळे. मला दिसतात तेवढी अंडी मोजली, तेवीस आहेत. पलीकडच्या बाजूला आणखी असणार. सगळ्यात पुढच्या अंड्यातला डोळा जरासा लांबट दिसतो, तो तसाच असतो की माझा हात हलला, कोण जाणे.

मुलीला हाक मारली. तिने स्क्रीनजवळ तोंड नेलं, बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आई, हे आपल्याकडे बघतायत."

मंगळवारी सकाळी मादीचं पोट रिकामं होतं. मॉसमध्ये दोन-दोन मिलिमीटरची पिल्लं आहेत, पारदर्शक, आईसारखीच घडण. ६० मिमीवर त्यांचा फोटो साडेचारशे पिक्सेलचा येतो, पुरत नाही. लेन्सचं तोंड ५२ मिमीचं आहे, रेनॉक्सची पकड त्याला बसते. मावसभावाचा कॅमेरा परत दिला तेव्हा भिंग माझ्याकडेच राहिलं होतं.